फ्रीलान्सर, ठेकेदार आणि १०९९: अमेरिकेतल्या छोट्या व्यावसायिकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत स्वतःचा छोटा व्यवसाय चालवणाऱ्या मराठी मंडळींकडून दर जानेवारीत जे प्रश्न येतात, त्यातल्या निम्म्याअधिक प्रश्नांचं मूळ एकच असतं: काम सुरू झालं, पैसे दिले गेले आणि डब्ल्यू-९ (ठेकेदाराने आपलं नाव, कर-नंबर आणि धंद्याचा प्रकार लिहून द्यायचा फॉर्म) मागायचा राहून गेला. म्हणून खालच्या उत्तरांत हा कागद पुन्हा पुन्हा भेटेल. इथले नियम फेडरल पातळीवरचे आहेत. राज्यांचं थोडक्यात शेवटाकडे आहे.

कर भरायचा तो ठेकेदाराने. मग फॉर्म मी का भरायचा?

कारण १०९९-एनईसी हा कर भरण्याचा फॉर्म नाही, माहिती कळवण्याचा आहे. ‘अमुक माणसाला मी वर्षभरात इतके पैसे दिले’ एवढंच तुम्ही आयआरएसला (अमेरिकेच्या केंद्रीय कर खात्याला) आणि त्या माणसाला लेखी कळवता. त्यावर तुम्हाला एक सेंटही भरावा लागत नाही. त्याचा प्राप्तिकर आणि १५.३ टक्के सेल्फ-एम्प्लॉयमेंट कर (स्वतःच्या धंद्यावरचा सोशल सिक्युरिटी-मेडिकेअर कर) हा सगळा त्याचा प्रश्न. आयआरएसचे संगणक तुम्ही कळवलेला आकडा आणि त्याने रिटर्नमध्ये दाखवलेलं उत्पन्न ताडून बघतात.

तुमच्या बाजूने मात्र एक फास आहे. शेड्यूल सी, म्हणजे एकट्या मालकाने रिटर्नला जोडायचा धंद्याच्या नफातोट्याचा तक्ता, त्याच्या पहिल्याच पानावर वरच्या भागात आय आणि जे अशा दोन ओळी आहेत. ‘१०९९ भरावे लागतील असे पैसे यंदा दिलेत का?’ आणि ‘दिले असतील तर फॉर्म भरले का, किंवा भरणार का?’ तिथे ‘हो’ आणि ‘नाही’ अशी जोडी टिचकी मारून सही केलीत, की चूक तुम्ही स्वतःच लिहून दिल्यासारखं होतं. कंपन्यांच्या आणि भागीदारीच्या रिटर्नमध्येही हेच विचारलेलं असतं.

आमच्या जुन्या फायलींत १०९९-मिस्क दिसतो. तो चालत नाही का?

ठेकेदाराच्या मोबदल्यासाठी आता नाही. २०१९ पर्यंतचा मोबदला मिस्कच्या सातव्या रकान्यात जायचा. कर-वर्ष २०२० पासून त्यासाठी एनईसी हा वेगळा फॉर्म आहे. मिस्क आता जागेचं भाडं, बक्षिसं वगैरेंसाठी उरला आहे.

किती रकमेपासून भरायचा?

इथे नुकताच मोठा बदल झाला आहे. २०२५ संपेपर्यंत दिलेल्या पैशांसाठी मर्यादा ६०० डॉलर होती. १ जानेवारी २०२६ पासून दिलेल्या पैशांसाठी ती २,००० डॉलर झाली आणि २०२७ पासून महागाईप्रमाणे वाढत जाईल. म्हणजे २०२६ मध्ये दिलेल्या पैशांचे जे फॉर्म २०२७ च्या जानेवारीत भराल, ते २,००० च्या हिशेबाने.

मर्यादा माणसागणिक, पूर्ण वर्षाच्या बेरजेवर असते. एप्रिलमध्ये ९०० आणि ऑक्टोबरमध्ये १,२०० दिलेत तर बेरीज २,१०० झाली, फॉर्म लागला. म्हणूनच ‘छोटंसं काम आहे, याला कशाला डब्ल्यू-९’ हा विचार घातक. मार्चमध्ये छोटं असलेलं काम डिसेंबरपर्यंत छोटं राहत नाही.

गणित पैसे दिल्याच्या तारखेवर चालतं. डिसेंबरचं बिल जानेवारीत चुकतं केलंत तर ते नव्या वर्षात जातं.

आणखी एक. मर्यादा वाढली म्हणून ठेकेदाराचं उत्पन्न करमुक्त झालेलं नाही. फॉर्म मिळो न मिळो, त्याला सगळं उत्पन्न दाखवायचंच असतं. ‘आता २,००० पर्यंत माफ आहे’ असं कोणी सांगत असेल तर त्याच्याकडून करसल्ला घेऊ नका.

कोणाला द्यायचा आणि कोणाला नाही?

तुमच्या व्यवसायासाठी सेवा देणारी, तुमची नोकर नसलेली व्यक्ती किंवा भागीदारी संस्था, म्हणजे डिझायनर, बुककीपर, सफाई करणारा, इलेक्ट्रिशियन, तासावर शिकवणारा, अशा सगळ्यांना द्यायचा. निव्वळ माल विकणाऱ्याला नाही. मालवाहतूक, साठवण आणि फोनच्या बिलांनाही नाही. सी किंवा एस कॉर्पोरेशनला (कराच्या दृष्टीने कंपनीचे दोन प्रकार) सहसा नाही.

वकील हा ठळक अपवाद. वकिलाची फर्म कॉर्पोरेशन असली तरी फीचा १०९९-एनईसी जातोच. लीज तपासून घेतलीत, व्हिसाचं काम करून घेतलंत, तरी तेच.

समोरच्याच्या नावापुढे एलएलसी आहे. मग सुटलो ना?

नाही, आणि हा गैरसमज सगळ्यात जास्त आढळतो. एलएलसी ही राज्याच्या कायद्यातली रचना. कराच्या दृष्टीने ती एकट्या मालकाचा धंदा असू शकते, भागीदारी असू शकते किंवा कॉर्पोरेशनसुद्धा. यातलं काय, ते फक्त डब्ल्यू-९ वर टिचकी मारलेल्या चौकोनावरून कळतं. सी किंवा एस लिहिलं असेल तर फॉर्म नको. बाकी दोन्हींत हवा.

एकट्या मालकाच्या एलएलसीत डब्ल्यू-९ च्या पहिल्या ओळीवर मालकाचं स्वतःचं नाव आणि दुसरीवर एलएलसीचं नाव हवं. लोक सर्रास उलटं लिहितात. मग नाव आणि नंबर जुळत नाहीत, आणि वर्षा-दीड वर्षाने आयआरएसचं पत्र मात्र तुमच्या दारात येतं. कागद हातात पडल्या पडल्या या दोन ओळी बघून घ्या, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

मी झेलने पैसे देतो. कधी व्हेन्मोने, कधी कार्डाने. फरक पडतो का?

पडतो. क्रेडिट किंवा डेबिट कार्डाने दिलेले पैसे, तसंच पेपॅल किंवा व्हेन्मोवर ‘व्यवसायासाठी’ या प्रकारात दिलेले पैसे तुमच्या १०९९-एनईसीत धरायचे नाहीत. ते कळवण्याची जबाबदारी त्या कार्ड किंवा पेमेंट कंपनीवर असते, १०९९-के फॉर्मद्वारे. पेमेंट ॲपसाठी त्या फॉर्मची मर्यादा पुन्हा पूर्वीसारखी, २०,००० डॉलर आणि २०० हून जास्त व्यवहार अशी झाली आहे. ठेकेदार तिथवर पोचला नाही म्हणून कंपनीने के पाठवला नाही, तरी ते काम तुमच्याकडे परत येत नाही.

चेक, रोख, वायर, एसीएच (बँक खात्यात थेट जमा) आणि झेल हे सगळं तुम्हीच कळवायचं. झेल हे बँकेतून बँकेत थेट हस्तांतर आहे आणि ते के फॉर्म देत नाहीत. व्हेन्मोवर ‘मित्र आणि कुटुंब’ प्रकारात पाठवून फी वाचवली असेल, तर ते पैसेही तुमच्याच हिशेबात. धंद्याचे पैसे त्या वाटेने देऊच नयेत.

एकाच माणसाला ३,००० चेकने आणि १,५०० कार्डाने दिले असतील तर फॉर्म ३,००० चा. म्हणून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये पैसे कशाने दिले याची नोंद तेव्हाच करा. जानेवारीत बँकेची बारा स्टेटमेंटं पुढ्यात घेऊन हे शोधत बसणं म्हणजे शिक्षा आहे.

डब्ल्यू-९ कधी घ्यायचा?

पहिले पैसे देण्याआधी. पैसे हातात पडले की समोरच्याचा उत्साह मावळतो. काम संपल्यावर तर फोनही उचलला जात नाही. ‘आमच्याकडे डब्ल्यू-९ आल्यावरच पेमेंट सुटतं’ हे वाक्य कामाच्या पहिल्या ईमेलमध्येच टाका. त्याचं कोणाला वाईट वाटत नाही, इथे ही रीतच आहे.

हा फॉर्म आयआरएसला पाठवायचा नसतो, तुमच्या फायलीत ठेवायचा. 

माणूस डब्ल्यू-९ देतच नाही. मग?

तर वर्षाची बेरीज वरच्या २,००० च्या मर्यादेला पोचली, किंवा गेल्या वर्षीही त्याचा १०९९ भरावा लागला असेल, की त्याच्या पेमेंटमधून २४ टक्के कापून आयआरएसकडे भरायचे. याला बॅकअप विदहोल्डिंग म्हणतात. बिल १,००० चं असेल तर त्याच्या हाती ७६०, आयआरएसकडे २४०, आणि वर्षाअखेर फॉर्म ९४५ वर त्याचा हिशेब. तुम्ही कापले नाहीत तर ते २४ टक्के तुमच्याकडून मागितले जाऊ शकतात. ‘कोणाच्या पोटावर कशाला मारायचं’ म्हणून सोडून देणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

प्रत्यक्षात २४ टक्के कापावे लागण्याची वेळ क्वचितच येते. कापणार आहोत एवढं शांतपणे सांगितलं की डब्ल्यू-९ बहुतेकदा त्याच संध्याकाळी येतो. नंबर न देणाऱ्यालाही आयआरएस ५० डॉलर दंड करू शकते, हेही सांगता येईल.

पैसे देऊन झालेत आणि माणूस गायब आहे, अशी परिस्थिती असेल तर लेखी मागणी करा, तिची प्रत तारखेसकट ठेवा आणि नंबराशिवाय का होईना, फॉर्म वेळेत भरा. न भरण्यापेक्षा अपुरा फॉर्म आणि मागणीचा पुरावा कधीही बरा.

ठेकेदार बाई डब्ल्यू-९ वर सोशल सिक्युरिटी नंबर द्यायला घाबरते. काही मार्ग आहे?

एकट्याने काम करणाऱ्या माणसालाही आयआरएसच्या संकेतस्थळावर काही मिनिटांत फुकट ईआयएन (धंद्याचा कर-नंबर) मिळतो. डब्ल्यू-९ वर तो चालतो. तिची भीती अगदी रास्त आहे, कारण भरलेले डब्ल्यू-९ साध्या ईमेलने इकडून तिकडे फिरत असतात. सुरक्षित अपलोडची सोय करा. ठेकेदाराला जाणाऱ्या प्रतीवर नंबराचे शेवटचे चार आकडेच दाखवले तरी चालतात. आयआरएसच्या प्रतीवर मात्र पूर्ण नंबर लागतो.

शेवटची तारीख?

३१ जानेवारी, आयआरएसला आणि ठेकेदाराला, दोघांनाही. त्या दिवशी शनिवार-रविवार आला तर पुढचा कामाचा दिवस, म्हणून २०२६ च्या पैशांसाठी १ फेब्रुवारी २०२७. एनईसीला आपोआप मुदतवाढ मिळत नाही. फॉर्म ८८०९ वर ठोस कारण देऊन मागावी लागते. ती जमेस धरू नका.

ऑनलाइनच भरावा लागतो का?

सगळ्या प्रकारचे मिळून दहा किंवा जास्त माहिती-फॉर्म असतील तर हो. यात डब्ल्यू-२ (कर्मचाऱ्यांचा पगार कळवण्याचा फॉर्म) सुद्धा मोजतात, म्हणजे सहा कर्मचारी आणि चार ठेकेदार झाले की कागदाचा रस्ता बंद. २०२४ पूर्वी हीच मर्यादा २५० होती, त्यामुळे जुन्या सवयीवर जाऊ नका.

आयआरएसचं आयरिस हे पोर्टल फुकट आहे. तिथे फॉर्म हाताने टाइप करता येतात किंवा यादी अपलोड करता येते. पण आधी एक कंट्रोल कोड घ्यावा लागतो आणि तो मिळायला ४५ दिवसांपर्यंत लागू शकतात. २५ जानेवारीला जाग आली तर पोर्टल विसरा. दर फॉर्मामागे थोडी फी घेणाऱ्या एखाद्या खासगी सेवेकडे जा.

कागदावरच भरणार असाल तर संकेतस्थळावरची लाल रंगातली प्रत अ (आयआरएसला जाणारी) छापून पाठवू नका, यंत्राला ती वाचता येत नाही. छापील फॉर्म आयआरएसकडून मागवता येतात, फुकट. सोबत फॉर्म १०९६ हे मुखपत्र जोडायचं.

बिलात मजुरी वेगळी आणि सामान वेगळं दाखवलंय. कोणता आकडा धरायचा?

सेवा पुरवताना लागलेलं सामान ठेकेदाराने आपल्या बिलात लावलं असेल तर सगळी रक्कम धरायची. इलेक्ट्रिशियनने ८०० मजुरी आणि १,४०० ची वायर-बटणं लावली, तर २,२००. सामान तुम्ही स्वतः दुकानातून आणून दिलंत तर ते यात येत नाही.

प्रवासखर्चाचं थोडं वेगळं आहे. पावत्या जोडून, हिशेब देऊन मागितलेली भरपाई धरायची नाही. ‘खर्चापोटी ५०० द्या’ असं मोघम असेल तर ती धरायची.

आमच्या ठेकेदाराने पुढे आणखी दोघं लावली. त्यांचे फॉर्म कोणी द्यायचे?

त्याने. तुम्ही ज्याला पैसे दिलेत त्याचाच विचार करा.

उशीर झाला किंवा भरलाच नाही तर दंड किती?

२०२६ मध्ये भरायच्या फॉर्मांसाठी: ३० दिवसांच्या आत भरला तर दर फॉर्मामागे ६० डॉलर, १ ऑगस्टपर्यंत १३०, त्यानंतर किंवा अजिबात न भरल्यास ३४०. जाणूनबुजून टाळलं असं दिसलं तर किमान ६८०, आणि त्याला कमाल मर्यादा नाही. आयआरएसला न पाठवण्याचा आणि ठेकेदाराला न देण्याचा दंड वेगवेगळा लागतो, त्यामुळे एकाच माणसामागे आकडा दुप्पट होऊ शकतो. आठ ठेकेदार असलेल्या माणसाला हे ५,४४० डॉलरला पडू शकतं, एक पैचाही कर बुडवला नसताना.

उशीर झालाच असेल तर आजच भरा. ६० आणि ३४० यांत फरक आहे. खरंच वाजवी कारण असेल तर दंडमाफीही मागता येते.

भरलेल्या फॉर्मात आकडा चुकलाय.

रकमेतली चूक १०० डॉलरपर्यंतची असेल तर साधारणपणे दुरुस्तीची सक्ती नाही. अर्थात ठेकेदाराने मागितली तर करून द्यावी लागते. त्याहून मोठी चूक किंवा चुकीचा नंबर असेल तर दुरुस्त फॉर्म लगेच पाठवा.

आयआरएसचं पत्र आलंय, नाव आणि नंबर जुळत नाही म्हणे.

ही सीपी२१०० किंवा सीपी२१००ए नोटीस. घाबरण्यासारखं काही नाही, पण ड्रॉवरमध्ये टाकून देण्यासारखंही नाही. आधी तुमच्या फायलीतला डब्ल्यू-९ काढून बघा. टाइप करताना आकडा उलटसुलट झाला असेल तर नोंद सुधारा, विषय संपला. डब्ल्यू-९ मध्येच तसं असेल तर १५ कामकाजाच्या दिवसांत ठेकेदाराला ठरावीक मजकुराचं पत्र आणि कोरा डब्ल्यू-९ पाठवायचा. तो भरून आला नाही तर २४ टक्के कापायला सुरुवात.

मुळात तो ‘ठेकेदार’ आहे की नोकर, हे ठरवतं कोण?

तुम्ही नाही आणि तोही नाही. कामाचं प्रत्यक्ष स्वरूप ठरवतं. ‘हा स्वतंत्र ठेकेदार आहे’ असं करारात दहा वेळा लिहिलं तरी आयआरएस बघते ते रोज काय घडतं याकडे. तीन बाजू तपासतात. काम कसं करायचं यावर ताबा कोणाचा. पैशांचा धोका, साधनं आणि नफातोटा कोणाचा. आणि दोघांतलं नातं कसं, कायमचं की कामापुरतं.

एक शिकवणीवर्ग घ्या. गणित शिकवायला एक बाई येतात. मंगळवार-गुरुवार चार ते सात ही वेळ तुम्ही ठरवलेली, अभ्यासक्रम तुमचा, टॅबलेट तुमचा, तासाचा दर तुमचा, येता येणार नसेल तर आधी परवानगी, आणि हे गेली तीन वर्षं चालू आहे. त्या ठेकेदार नाहीत, तुमच्या कर्मचारी आहेत. आठवड्याला सहाच तास येतात यानं काही बदलत नाही, अर्धवेळ नोकर हाही नोकरच. आता त्याच वर्गाची वेबसाइट सांभाळणारा बघा. त्याची आणखी पंधरा गिऱ्हाइकं आहेत, स्वतःचा लॅपटॉप आहे, रात्री दोनला काम करतो की दुपारी हे तुम्हाला माहीतही नाही, आणि साइट बंद पडली तर दुरुस्त करतो स्वतःच्या खर्चाने. तो ठेकेदार.

कॅलिफोर्निया, न्यू जर्सी आणि मॅसॅच्युसेट्समध्ये राज्यपातळीवर याहून कडक, एबीसी नावाची कसोटी लागते. तिच्यातली ‘बी’ छोट्या व्यवसायांना नडते. माणूस करतो ते काम तुमच्या नेहमीच्या धंद्याबाहेरचं असायला हवं, असं ती साधारणपणे म्हणते. शिकवणीवर्गाने शिक्षकाला ठेकेदार म्हणणं तिथेच अडतं. कॅलिफोर्नियात एबी ५ या कायद्याने ही कसोटी २०२० पासून लागू आहे. काही व्यवसायांना सवलती आहेत, पण त्या गृहीत धरू नका. एकच माणूस फेडरल नियमाने ठेकेदार आणि राज्याच्या नियमाने नोकर ठरू शकतो.

अगदीच कळेनासं झालं तर फॉर्म एसएस-८ भरून आयआरएसलाच विचारता येतं. उत्तराला सहा महिने किंवा जास्त लागतात, आणि ते तुमच्या मनासारखं असेलच असं नाही. तेवढ्यात एक तास चांगल्या सीपीएबरोबर (परवानाधारक हिशेबनिसाबरोबर) बसलेलं स्वस्त पडतं.

पण तोच म्हणतोय, ‘मला १०९९ वरच ठेवा.’

म्हणणारच, हातात पूर्ण पैसे पडतात. नोकरी गेल्यावर तोच बेकारभत्त्याचा अर्ज करतो, राज्याचं खातं विचारतं की पगाराच्या नोंदी कुठे आहेत, आणि चौकशी तिथून सुरू होते. त्याची संमती हा तुमचा बचाव होऊ शकत नाही.

नोकराला चुकून ठेकेदार म्हटलं असेल तर किती अंगाशी येतं?

इथे १०९९ वेळेत भरल्याचा सगळ्यात मोठा फायदा दिसतो, आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. कर कायद्याच्या कलम ३५०९ प्रमाणे, चूक हेतुपुरस्सर नसेल आणि १०९९ भरलेले असतील तर आयआरएस पगाराच्या १.५ टक्के, नोकराच्या वाट्याच्या सोशल सिक्युरिटी-मेडिकेअर कराचा २० टक्के भाग आणि तुमचा स्वतःचा ७.६५ टक्के वाटा मागते. सगळं मिळून साधारण १०.६८ टक्के. १०९९ भरलेच नसतील तर पहिले दोन आकडे दुप्पट होतात आणि बेरीज १३.७१ टक्के. वर्षाला ४०,००० डॉलर घेणाऱ्या माणसामागे ४,२७२ की ५,४८४, असा हा प्रश्न आहे. व्याज आणि दंड वेगळे. हेतुपुरस्सर केलं असं ठरलं तर ही सवलत मिळतच नाही.

शिवाय जुन्या १९७८ च्या कायद्यातलं ‘सेक्शन ५३०’ नावाचं संरक्षण, ज्यात फेडरल रोजगार-कराची मागची बाकी माफ होऊ शकते, ते १०९९ नियमित भरणाऱ्यालाच मिळतं. आणि आपणहून चूक सुधारायची असेल तर व्हीसीएसपी ही योजना आहे. फॉर्म ८९५२ वर अर्ज करून, एका वर्षाच्या पगाराच्या जेमतेम एक टक्का भरून पुढे त्यांना नोकर म्हणून घ्यायचं, मागच्या वर्षांची चौकशी नाही. अट पुन्हा तीच: मागच्या तीन वर्षांचे १०९९ भरलेले हवेत.

माझा डेव्हलपर पुण्यात बसतो. त्याला १०९९ द्यायचा?

तो अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक नसेल आणि सगळं काम भारतातच बसून करत असेल, तर नाही. ते उत्पन्न अमेरिकेबाहेरचं धरलं जातं. इथे कर कापायचा नाही, १०९९ नाही, १०४२-एसही (परदेशी व्यक्तीला दिलेलं अमेरिकेतलं उत्पन्न कळवण्याचा फॉर्म) नाही. मात्र हे सिद्ध करणारा कागद हवा: व्यक्ती असेल तर डब्ल्यू-८बेन, कंपनी असेल तर डब्ल्यू-८बेन-ई. सही केलेल्या वर्षानंतरची तीन कॅलेंडर वर्षं तो सहसा चालतो. काम भारतातूनच होतं हे करारात आणि बिलावरही लिहून घ्या.

दोन ठिकाणी लोक फसतात. पहिलं, वीस वर्षं इथे राहून अमेरिकेचं नागरिकत्व घेऊन पुण्याला परतलेला जुना सहकारी. तो कुठेही बसला तरी अमेरिकी करदाताच, त्याच्याकडून डब्ल्यू-९ आणि त्याला १०९९. दुसरं, भारतातला डेव्हलपर तीन आठवडे इथे येऊन काम करून जातो. तेवढ्या दिवसांचं उत्पन्न अमेरिकेतलं होतं, ३० टक्के कापण्याचा नियम लागू होऊ शकतो, आणि व्हिसाचा मुद्दा आणखी वेगळाच.

भाचा एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकतोय. वेबसाइट त्याच्याकडून करून घेऊ का?

आधी इमिग्रेशन बघा, कर नंतर. कामाची परवानगी नसलेल्या विद्यार्थ्याने १०९९ वर काम केलं तरी ते बेकायदाच, आणि त्याची किंमत तो भरतो. ठेकेदाराकडून आय-९ (कामाची परवानगी तपासण्याचा फॉर्म) घ्यावा लागत नाही हे खरं. पण परवानगी नाही हे माहीत असताना काम करून घेणं तुम्हालाही महागात पडू शकतं. पदवीनंतरच्या पहिल्या ओपीटीत (विद्यार्थ्याला मिळणारी तात्पुरती कामाची परवानगी) ठेक्याचं काम चालतं. स्टेम ओपीटीत (विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदव्यांसाठी तिची मुदतवाढ) खरंखुरं मालक-नोकर नातं लागतं, तिथे १०९९ बसत नाही. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरच्या मित्राने शनिवार-रविवारी तुमचं काम करणंही त्याच्या व्हिसात बसत नाही. एच-४ वर (एच-१बी धारकाच्या जोडीदाराचा व्हिसा) ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, असेल तर चालतं.

कराच्या बाजूने, एफ-१ विद्यार्थी पहिली पाच कॅलेंडर वर्षं सहसा अनिवासी असतो. त्याला डब्ल्यू-९ आणि एनईसी नव्हे, तर डब्ल्यू-८ किंवा फॉर्म ८२३३ आणि १०४२-एस.

आमचं महाराष्ट्र मंडळ नफा कमवत नाही. आम्हाला हे लागू आहे का?

आहे. ना-नफा संस्थांनाही १०९९ चे नियम लागतात. गणपतीला साउंडवाला, दिवाळीला फोटोग्राफर, वर्षभर ढोल-ताशा शिकवणारा, यांतल्या प्रत्येकाची बेरीज ठेवा. कार्यकर्त्यांना पावत्यांवर दिलेली खर्चाची भरपाई यात येत नाही. मंडळांत खरी अडचण कार्यकारिणीची असते. डिसेंबरअखेर खजिनदार बदलतो आणि नव्याला कोणाचा डब्ल्यू-९ कुठे आहे हेच ठाऊक नसतं. ती फाइल खजिनदाराच्या नव्हे, मंडळाच्या खात्यावर ठेवा.

भारतातून आलेल्या कलाकाराचं प्रकरण मात्र वेगळं. प्रयोग इथे झाला म्हणजे उत्पन्न अमेरिकेतलं. मंडळ थेट मानधन देत असेल तर ३० टक्के कापायचे, आयआरएसकडे भरायचे आणि १५ मार्चपर्यंत १०४२-एस द्यायचा. खर्च वजा करून कमी कपात हवी असेल तर कलाकाराच्या बाजूने फॉर्म १३९३० वर आयआरएसशी आधी करार करता येतो, त्याचा अर्ज दौऱ्याच्या किमान ४५ दिवस आधी जायला हवा. दौरा अमेरिकेतल्या संयोजकाने आणला असेल आणि तुम्ही पैसे त्यालाच देत असाल, तर त्याचा डब्ल्यू-९ घ्या.

घराला रंग दिला, मुलांना सांभाळायला बाई ठेवल्या. त्यांना १०९९?

नाही. १०९९ फक्त धंद्यासाठी दिलेल्या पैशांना. मुलं सांभाळणाऱ्या बाई मात्र बहुतेकदा तुमच्या घरगुती कर्मचारी ठरतात, आणि तिथे डब्ल्यू-२ आणि शेड्यूल एच (घरगुती कर्मचाऱ्यांच्या कराचा तक्ता) येतो.

भाड्याने दिलेल्या घराचं विचाराल तर, ते घर तुम्ही व्यवसाय म्हणून चालवत असाल तर प्लंबरला आणि रंगाऱ्याला फॉर्म द्या. भाड्याच्या उत्पन्नावर २० टक्क्यांची क्यूबीआय वजावट (व्यवसायाच्या उत्पन्नावरची करसवलत) घेताना ‘हा व्यवसाय आहे’ म्हणायचं आणि १०९९ च्या वेळी ‘छे, ही नुसती गुंतवणूक’ म्हणायचं, हे दोन्ही एकाच रिटर्नमध्ये शोभत नाही.

राज्याला वेगळं काही कळवावं लागतं?

राज्यावर आहे. बरीच राज्यं आयआरएसकडून आपली प्रत घेतात, काहींना थेट पाठवावी लागते. राज्याची रकमेची मर्यादा फेडरल मर्यादेइतकीच असेल असं धरून चालू नका. कॅलिफोर्नियात तर ठेकेदार लावल्याची खबर वर्षाअखेर नव्हे, २० दिवसांत डीई ५४२ फॉर्मवर द्यावी लागते. न्यूयॉर्क आणि इलिनॉयमध्ये फ्रीलान्सरशी लेखी करार करणं आणि साधारण ३० दिवसांत पैसे चुकते करणं २०२४ पासून कायद्यानेच बंधनकारक आहे.

कागद किती वर्षं ठेवायचे?

डब्ल्यू-९, बिलं, करार आणि भरलेल्या फॉर्मांच्या प्रती किमान चार वर्षं. डब्ल्यू-८ चालू असेपर्यंत, आणि त्यावर विसंबून दिलेल्या शेवटच्या पेमेंटनंतरही तेवढीच वर्षं. ठेकेदाराशी काम थांबलं म्हणून त्याची फाइल पुसू नका. सीपी२१०० काम संपून बराच काळ गेल्यावरही येते.